मधल्या सीटचा रंग

अन्याय झाला तो आमच्या कातकरवाडीवरच्या मावशीवर. गेल्या श्रावणात, गणपती बसायच्या सहा दिवस आधी, बाजाराच्या सकाळी सव्वासात वाजता, आमच्या फाट्यावर. करणारा माझा सख्खा मोठा भाऊ. आणि ज्या वस्तूपायी झाला ती वस्तू निवडली होती मी.

संघटनेची पत्रकं लिहायला शिकले तेव्हा पहिला धडा हाच मिळाला होता. पहिल्या ओळीत कोणावर अन्याय झाला ते लिही, कधी झाला ते नेमकं लिही, गुळमुळीत बोलू नकोस, करणाऱ्याकडे बोट दाखव. आजवर मी ठेकेदारांकडे आणि टेबलांमागच्या साहेबांकडे बोट दाखवत आले. या वेळी बोट घरात वळतंय, म्हणून धडा बदलायचं कारण नाही.

वस्तू म्हणजे गाडीतल्या सीटची कव्हरं.

आमचं गाव शहापूर तालुक्याच्या अगदी कडेला. आमच्या खालच्या बांधावर उभं राहिलं की पलीकडची खाचरं मुरबाडची. दाखला, दवाखाना, कॉलेज यांसाठी शहापूर; तांदूळ-भाजी विकायची तर धसईचा बाजार. फाट्यावरून बस दिवसातून दोनदा जाते. मधल्या वेळेसाठी दादानं जुनी व्हॅन घेतली, सरकत्या दाराची, दाटीवाटीनं आठ माणसं मावतील अशी. इंजिन बरं होतं. आतून मात्र गाडी म्हणजे उंदरानं कुरतडलेली गोधडी.

आमच्याकडे गाडी बाहेरून कशीही चालते. आतून सजवलेली लागते. डॅशबोर्डवर हिरवं प्लास्टिकचं गवत, त्यावर देव, देवाभोवती रंग बदलणारे दिवे, आरशाला गोंडा. आणि नव्या सीटवरचं कंपनीचं प्लास्टिक फाडायचं नाही, हा तर नियमच. ते फाटेपर्यंत, त्याच्या चिंध्या लोंबेपर्यंत त्यावरच बसायचं. उन्हाळ्यात ते मांड्यांना चिकटतं, वळणावर माणूस त्यावरून घसरतो, पण प्लास्टिक असेपर्यंत गाडी नवी.

"आतून काळं टाकू," दादा म्हणाला. "कटकट नाय."

"पांढरं टाक," मी म्हणाले.

"डोकं फिरलंय काय तुझं? भाताचं गाव हाय आपलं. चिखलाचे पाय."

मी त्याला ऐकवलं. पांढऱ्या सीटवर कोण बसतं? बिल्डर बसतो, पुढारी बसतो. आपल्या माणसांना तेवढं काळं का? आपली माणसं पांढऱ्यावर बसली तर आभाळ कोसळणार आहे का? आपण कायम डाग दिसू नयेत एवढाच विचार करायचा का?

"पत्रक वाचून दाखवू नको," दादा म्हणाला. पण माझ्या फोनवरचं चित्र त्यानं हातात घेतलं होतं. मोतिया पांढरं रेक्झिन, त्यावर शंकरपाळ्यांसारख्या चौकड्यांची शिवण, सोनेरी दोरा, सीटखाली निळा दिवा. त्याला माझा मुद्दा पटला नव्हता, निळा दिवा पटला होता. मुरबाडला गाडी चार दिवस ठेवून त्यानं अगदी तसंच बसवून आणलं.

घरी आणली तेव्हा आईनं गाडीला ओवाळलं. सगळी आळी आत बसून आली. मला वाटलं, मी समता आणली.

पंधरा दिवसांनी आईच्या पाठीला प्लास्टिकमुळे घामोळं आलं आणि तिनं स्वतःच ते ओढून काढलं. तिथून दादा बदलला. माणूस गाडीत चढायला लागला की तो त्याच्या तोंडाकडे बघायचा नाही, पायांकडे बघायचा. कोणी सीटला हात लावून आत शिरलं की आरशातून त्याची नजर त्या हातावर. घरातला शांत माणूस, पण गाडीत बसला की देवळातल्या पुजाऱ्यासारखा वागायचा. मी हसायचे. तेव्हाच बोलायला हवं होतं.

मग ती सकाळ. मी पुढच्या सीटवर, दादाच्या शेजारी. मागे आमच्याच आळीतल्या दोघी. त्यांच्या चपलांना चिखल होता, कारण रात्रभर पाऊस होता आणि चपला काही हवेतून चालत नाहीत. फाट्यावर मावशी उभी होती. डोक्यावर पाटी, पाटीत करटोली आणि अळूच्या जुड्या, मुळांना ओली माती. ही मावशी आमच्या खाचरात आवणीला, म्हणजे भात लावायला येते, मी शाळेत होते तेव्हापासून येते. दादा लहानपणी तिच्या मागे लागून नदीवर खेकडे धरायला जायचा.

दादानं उतरून दार सरकवलं. खताची रिकामी गोणी दोन सीटच्या मध्ये, पाय ठेवायच्या जागेत अंथरली.

"मावशी, पाटी घेऊन हितं खाली बस. सीट नवीन हाय."

मावशीनं गोणीकडे बघितलं. मग सीटकडे. मग आळीतल्या दोघींच्या चपलांकडे.

"नवीन हाय खरी," ती म्हणाली. डोक्यावरची चुंबळ नीट केली आणि चालू लागली.

"अगो मावशी, बस ना."

"तू जा रे. तुझा टाइम व्हतो."

माझ्या मांडीवर पत्रकांचा गठ्ठा होता. त्यावर मोठ्या अक्षरात मीच लिहिलेलं: वाडीपर्यंत बस आलीच पाहिजे. पाऊस आत येत होता, पत्रकं भिजतील म्हणून काच वर केली. गाडी निघाली.

मावशीनं भांडण केलं नाही. कापणीला नेहमीसारखी आली, आईच्या हातचा चहा घेतला, दादाची थट्टा केली, "बायको आण रे आता, गाडीला किती पुसशील." फक्त गाडीत बसली नाही. बाजाराच्या दिवशी उजाडायच्या आत निघायची आणि चालत धसईला जायची. डावा गुडघा सुजला होता. त्यावर एरंडाचं पान बांधून चालायची. रस्त्यात आमची गाडी मागून आली की दादा वेग कमी करून हॉर्न द्यायचा. ती मागे न बघता हात वर करायची आणि कडेला सरकायची.

"साइड देतेय मला," दादा एकदा घरी येऊन म्हणाला. जेवण अर्धं टाकून उठला.

बोलणं होत होतं, हसणं होत होतं, आणि एक बाई सुजल्या गुडघ्यानं चालत होती. कोणी विचारलं असतं तर गावानं सांगितलं असतं, आमच्या गावात काही भेदभाव नाही.

तुळशीचं लग्न झालं आणि गाडीला पहिली हळद मिळाली. आमच्याकडे हळद लग्नापेक्षा मोठी. लग्नाला कोणी नाही आलं तरी चालतं, हळदीला यावं लागतं. धसईजवळच्या गावातून नवऱ्याकडच्या मंडळींना हळदीला नेऊन परत आणायचं होतं. इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यातली, गळ्यात चेन, मानाची माणसं. जाताना तशीच गेली. येताना कानापर्यंत पिवळी होऊन आली, नाचून दमलेली, घामानं निथळणारी. आठांच्या गाडीत अकरा जण. सीटला पाठी घासल्या, छताला हात टेकले, कोणी तरी दाराच्या आतल्या बाजूला दोन्ही पंजे उमटवले, दिवाळीत भिंतीला उमटवावेत तसे.

सकाळी दादा बादली घेऊन बसला. साबण लावला तशी पिवळी बोटं लाल झाली. हळद ती, साबणाला असंच उत्तर देते, हे घरातल्या कुठल्याही बाईनं सांगितलं असतं. लिंबू लावलं, पुन्हा पिवळी. आई ओट्यावर वाल निवडत बसली होती. बराच वेळ तिनं बघून घेतलं.

"त्यांना नाय गोणी टाकलीस?" ती म्हणाली.

दादानं फडकं पिळलं, बादली पालथी केली. दुपारी मला म्हणाला, "नवीन बसवू. मावशी बसंल असं कायतरी बसवू. शहापूरला जाऊ."

"मी निवडते," मी म्हणाले.

"तू नको," तो म्हणाला. पण बरोबर घेतलं.

शहापूरचे सीटवाले चाचा गळ्यात मोजपट्टी आणि कानावर खडू ठेवतात. त्यांनी गाडीत डोकं घातलं, पंजे बघितले, काही विचारलं नाही. फक्त म्हणाले, "गाडी फॅमिली की प्रवासी?"

"प्रवासी."

"मग ताई, मळखाऊ घ्या. चॉकलेटी. वर्षभर हात लावू नका, कुणाला कळणार पण नाय."

मला ते एकदम पटलं. पांढरं ही माझी चूक होती, हे मी मनात कबूल केलं आणि लगेच दुसरं पत्रक तयार केलं: कष्टकऱ्याच्या गाडीला कष्टाचा रंग, मातीचा रंग. दादालाही पटलं. चाचांनी हातभर चॉकलेटी रेक्झिन नमुना म्हणून कापून दिलं. संध्याकाळी मी ते घेऊन वाडीवर गेले. खुशीत गेले, हेही लिहायला हवं.

मावशी अंगणात रानातून खणून आणलेले करांद्याचे कंद निवडत होती. दोन्ही हात मनगटापर्यंत मातीत.

"मावशी, सीट बदलतोय. असा रंग घेतोय की कसली पण पाटी ठेव, काही दिसणार नाही."

"काय दिसणार नाय?"

"मळ."

"कोनाचा?"

मी हातातला तुकडा उलटा केला.

"आमचाच ना?" तिनं करांदा टोपलीत टाकला. "म्हंजे आमी मळके, ते ठरलंच. फकस्त दिसू नाय."

घरून मी काय काय वाक्यं घेऊन आले होते. ती सगळी बाजूला ठेवली. मी म्हणाले, "मावशी, त्या दिवशी मी गाडीत होते."

"म्हाइत हाय. पुढच्या सीटवर. मला तुझी मान दिसत व्हती. ती काय वळली नाय." मग जरा थांबून, "मांडीवर कागद कसले व्हते गो?"

"वाडीला बस मिळावी म्हणून."

मावशी माझ्याकडे बघत राहिली. मग हसायला लागली. खरंच हसली, पोट धरून, हाताची माती पोलक्याला लागली तरी. आतून सुनेला हाक मारली. "भायेर ये गो, ऐक. आमच्या बशीचे कागद गाडीत बसून गेले. आमी चालत गेलो." सून हसली. शेवटी मीही हसले, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. तिथून पुढे बोलणं सोपं झालं.

"मग तू सांग कुठला रंग," मी म्हणाले.

"एक तुकडा दावून इचारतात व्हय? साडीवाला बी दहा साड्या उलगडतो."

दुसऱ्या दिवशी पुन्हा शहापूर. चाचा नमुन्यांचं पुस्तक दुकानाबाहेर द्यायला तयार नव्हते. म्हणाले, गेलेलं पुस्तक आजवर परत आलेलं नाही. दादा म्हणाला, "मागची सीट काढून ठेवा तुमच्याकडं. पुस्तक आणलं की द्या." चाचांना हा व्यवहार आवडला. सापगावच्या पुलावरून परत येताना गाडी मागून रिकामी, नुसती खडखडत होती आणि माझ्या मांडीवर पत्रकांच्या जागी ते जाडजूड पुस्तक होतं. इतकं सुखाचं ओझं मी बऱ्याच दिवसांत वाहिलं नव्हतं.

मावशीच्या अंगणात पुस्तक उघडलं तेव्हा सगळी वाडी जमली. बायकांनी लग्नाचा बस्ता फाडायला बसावं तसं गोल धरलं. लाल पुढे आला, जांभळा पुढे आला. चित्त्याच्या ठिपक्यांवर एक म्हातारी अडून बसली, "ह्यो घ्या, लोकं घाबरतील." दादा कडेला उभा होता, अंगणात यायला कचरत होता. मावशीनं त्याच्याकडे न बघता म्हटलं, "बस रे, ओटा सारवलेला हाय. गोणी लागंल काय?" बायका फिदीफिदी हसल्या. दादा कान लाल करून बसला.

मग मावशीनं काम सुरू केलं. मी इतक्या बैठकांना गेले आहे, पण असा निवाडा बघितला नाही. तिनं ओल्या करांद्याची माती बोटानं घेतली आणि तीन नमुन्यांवर फासली: एक मखमलीसारखं कापड, एक चौकड्यांच्या शिवणीचं रेक्झिन, एक सपाट रेक्झिन. म्हणाली, "सुकूं दे." तोवर चहा झाला. माती सुकली तशी ओलं फडकं फिरवलं. कापडानं माती पिऊन टाकली होती. चौकड्यांवरची माती गेली, पण शिवणीच्या खाचांत रेघा राहिल्या. तिनं नखानं उकरून दाखवल्या. सपाट रेक्झिन एका हातात साफ.

"चौकड्या नको. शिवणीत माती बसते. सपाट घे, कडेला शिवण मार." मग रिकामी पाटी उचलून तिचं बूड सपाट तुकड्यावर दाबून ओढलं. पाटीच्या कामट्या कापडाला धरतात, रेक्झिनला धरल्या नाहीत. "आन् पाटी कुठं ठेवायची? मांडीवर कितीक येळ? तिला बी जागा पाह्यजे."

दादा ओट्यावरून उठून पाटीपाशी आला. म्हणाला, "दाराकडची एक सीट उचलता येईल अशी करतो. पाटी आली की सीट वर, पाटी खाली."

"हां. आता बोललास."

"आन् रंग?" त्यानंच विचारलं.

तिनं पुस्तक मागे-पुढे केलं. चॉकलेटीचं पान आलं, तिनं ओलांडलं. काळ्याचं ओलांडलं. मोरपंखीवर हात ठेवला.

"ह्यो."

"ह्याच्यावर धूळ दिसंल मावशी," दादा म्हणाला. वाद घालत नव्हता, खरंच विचारत होता.

"दिसू दे ना. दिसली तर पुसशील. मळ लपवायचा कशाला रे, धुवायचा."

मी खिशातून पेन काढलं, तेवढ्यात दादानं माझ्याकडे बघितलं. मी पेन परत ठेवलं. पण वाक्य लक्षात ठेवलं, आणि इथे ज्याचं त्याच्या नावावर करते: हे मावशीचं आहे. मी पांढरं निवडलं तेव्हा माझ्यासमोर बिल्डर होता, चॉकलेटी निवडलं तेव्हा माझ्यासमोर घोषणा होती. मावशीसमोर सीट होती.

चाचांनी मोरपंखी बघून भुवया चढवल्या. प्रवासी गाडीला हा रंग त्यांनी कधी बसवला नव्हता. उचलती सीट करताना मात्र त्यांना मजा आली. बिजागरी दोनदा बदलली, स्वतः पाटीच्या जागी उकिडवे बसून जागा मोजली. वर प्लास्टिक घालू का, असं त्यांनी सवयीनं विचारलं. दादा नको म्हणाला.

माघातल्या एका बाजाराच्या सकाळी, पुरतं उजाडायच्या आत, दादा वालाच्या वाफ्याला पाणी लावून तसाच आला. पाय घोट्यापर्यंत चिखलात, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. आई म्हणाली पाय धू. तो म्हणाला, राहू दे. गाडी फाट्यावर न थांबवता वाडीच्या तोंडाशी नेली. मी या वेळी मागे बसले होते, शेवटच्या सीटवर. मावशी पाटी घेऊन निघतच होती. पाटीत करांदे, गुडघ्याला पान.

दादानं दार सरकवलं. आधी स्वतः आत चढला आणि मधल्या मोरपंखी सीटवर, नेमका मधोमध, चिखलासकट बसला. एक पाय उचलून सीटवरही ठेवला. मग उतरला. कोरी सीट, तिच्यावर त्याच्या पावलाचा आणि बुडाचा चिखल. पुढून ओलं फडकं काढलं आणि सगळ्यांसमोर, खाली वाकून, पुसून काढलं. माफी हा शब्द आमच्या घरात कोणी वापरत नाही. मी त्याला पहिल्यांदाच ती मागताना बघत होते.

"बस मावशी."

मावशीनं पुढे होऊन सीटला तळहात लावला.

"वली हाय," ती म्हणाली. "सुकूं दे."

आणि उभी राहिली. गाडीत आळीतली तीन माणसं होती, त्यांना बाजार गाठायचा होता. कोणी हूं केलं नाही. दादा हातात फडकं घेऊन उभा, मावशी कमरेवर हात ठेवून उभी, वाडीतली पोरं दारातून मान घालून निळा दिवा कुठे गेला ते शोधतायत. सूर्य डोंगरावर आला, सरळ सीटवर पडला. मोरपंखी चमकायला लागलं. मावशीनं पुन्हा हात लावून बघितलं, दाराकडची सीट उचलून पाटी तिच्या जागी ठेवली, आणि मधल्या सीटवर बसली. पाठ टेकून.

"चल रे," ती म्हणाली. "हॉर्न मार. साइड देतील लोकं."

आता तुमच्याशी. हे वाचणाऱ्या तुमच्याकडे गाडी असेल, स्वतःची किंवा पोटापाण्याची. आज उतरा आणि तिच्यात बघा. मागे कुठे तरी एक दुमडलेली गोणी असेल, जुनं वर्तमानपत्र असेल, एखाद्या माणसासाठी राखून ठेवलेलं. ते कोणासाठी ठेवलंय ते तुम्हाला माहीत आहे. ते काढा. त्या जागी एक ओलं फडकं ठेवा. आणि येत्या बाजाराला फाट्यावर पाटी घेतलेली बाई दिसली की उतरून दार तुम्ही उघडा, मधली सीट दाखवा, आणि सीट सुकेपर्यंत तिच्याबरोबर उभे राहा.